वाचकांचे प्रश्न : कोकमाच्या बीला कोणते द्रावक?

मागच्या अंकात कोकमाच्या मुठेलाविषयी, म्हणजे बियांतून निघणाऱ्या घट्ट तेलाविषयी, लिहिताना मी ओझरते म्हटले होते की, मोठे कारखाने बियांतले तेल हेक्झेन या द्रावकाने (तेल विरघळवून बाहेर आणणाऱ्या द्रवाने) काढतात आणि त्याला कमी घातक पर्याय, ज्यांना हरित द्रावके म्हणतात, शोधण्याचे काम जगभर चालू आहे. त्या एका वाक्यावर सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर मी त्यांनाच देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न (कुडाळ तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष) : आमच्या गटातल्या अकरा जणी दर वर्षी आमसुले झाली की उरलेल्या बिया वाळवतो, फोडतो, गर कुटून पाण्यात उकळतो आणि वर येणाऱ्या तेलाचे मुठेल करतो. यंदा एक व्यापारी आला होता. तो म्हणाला, "तुम्ही निम्मे तेल चोथ्यात टाकून देता. मी हेक्झेन आणून देतो, त्यात गर भिजवा, सगळे तेल उतरेल, मग ते गरम करून उडवून टाका." तुम्ही हरित द्रावकांविषयी लिहिले आहे. त्यांतले एखादे आम्हाला घरी वापरता येईल का?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. हेक्झेन घरात, पडवीत किंवा मांगरात अजिबात वापरू नका, आणि त्या व्यापाऱ्याने डबा ठेवून दिला असेल तर तो आजच परत न्यायला सांगा. हेक्झेन म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा, पेट्रोलच्याच कुळातला एक हलका अंश. ते ६९ अंश सेल्सिअसला उकळते, पण पेट घेण्याइतकी वाफ शून्याखाली वीस अंशांनाही सोडत असते. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे वर जाऊन विरत नाही, तर जमिनीलगत पसरते, उंबऱ्यावरून शेजारच्या खोलीत उतरते आणि हवेत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या जरासे पुढे गेले, की चुलीतल्या निखाऱ्यानेच नव्हे, तर दिव्याचे बटण दाबताना उडणाऱ्या ठिणगीनेही भडका उडतो. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यातून हेक्झेन गटारात गेले, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या ठिणगीने ती वाफ पेटली आणि दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते गटारांसकट उखडले गेले. "गरम करून उडवून टाका" हे त्या व्यापाऱ्याचे वाक्य म्हणूनच मला सर्वांत भयंकर वाटले. कारखान्यात हेक्झेन कोणी उडवून टाकत नाही. बंद यंत्रात वाफ करून, थंड करून, पुन्हा द्रव रूपात परत मिळवले जाते. त्याच्या साठवणुकीवर पेट्रोलियम कायद्याची बंधने आहेत आणि ती कारणाशिवाय घातलेली नाहीत.

आता त्याच्या बोलण्यातला खरा भाग. कोकमाच्या बीच्या वजनाचा साधारण पाव भाग, म्हणजे २३ ते २६ टक्के, स्निग्धांश असतो आणि टरफल काढलेल्या गरात तो चाळीस टक्क्यांच्या वर जातो. पाण्यात उकळून तो सगळा हाती लागत नाही हे खरे आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी त्याला विरघळवून बाहेर आणू शकत नाही. ते फक्त फुटलेल्या पेशींतून तेलाला हुसकावून वर ढकलते. जी पेशी फुटलीच नाही तिच्यातले तेल चोथ्यातच राहते. म्हणून तुमचे उत्पन्न वाढवायचे तर पहिली सुधारणा पातेल्यात नाही, उखळात करायची आहे.

माझी आजी कुटलेला गर चिमटीत घेऊन चोळून पाहायची. बोटांना मेणासारखा तुकतुकीत थर लागला आणि कणी अजिबात लागली नाही, तरच तो पाण्यात जायचा. नाहीतर पुन्हा उखळात. पातेले रटरट उकळू द्यायची नाही, लाकडे मागे ओढून नुसता कढ येत राहील इतकीच आच ठेवायची. तिला कारण विचारले तर ती म्हणायची, "जोरात उकळले की तेलाचे दूध होते." हे अगदी बरोबर आहे. जोराच्या उकळीने तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात, बीतली प्रथिने त्या थेंबांभोवती कवच धरतात आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत. वर आलेले तेल ती करवंटीच्या पळीने काढायची आणि ते अर्धवट घट्ट झाले की मुठीत दाबून लांबट गोळे वळायची. त्या गोळ्यांवर तिच्या चारही बोटांचे वळ उमटलेले असायचे.

तेव्हा गर शक्य तितका बारीक दळून घ्या. पाण्यात मूठभर जाडे मीठ टाका, त्याने दूध फुटायला मदत होते. पहिले तेल काढल्यावर पातेले रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी पृष्ठभागावर आणखी एक घट्ट पापुद्रा धरलेला मिळेल. चोथा गाळून पुन्हा एकदा दळा आणि दुसऱ्यांदा उकळा. शेवटी जमलेले तेल मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तापवा, म्हणजे आत अडकलेले पाणी निघून जाईल; ते राहिले तर मुठेल पावसाळ्यातच खवट होते.

यापुढची पायरी द्रावकाची नाही, दाबाची आहे. चार-पाच गटांनी मिळून एक लहान एक्स्पेलर, म्हणजे बी दाबून तेल काढणारे यंत्र, घेतला तर पाण्यापेक्षा बरेच अधिक तेल निघेल. फक्त एक लक्षात ठेवा : कोकमाचे तेल ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे गार गर यंत्रात घातला तर तेल सुटण्याऐवजी यंत्र तुंबते. गर आधी पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून घ्यावा लागतो. अर्थात मग लेबलवर 'कोल्ड प्रेस्ड' लिहू नका. गिऱ्हाइकाला खरे सांगून विकलेले मुठेल अधिक टिकाऊ बाजार मिळवते असे माझे प्रामाणिक मत आहे.

आणि घरी वापरण्याजोगे हरित द्रावक कोणते, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, ते तुम्ही आधीपासून वापरत आहात. प्रयोगशाळांत आज ज्याला जलीय निष्कर्षण म्हणतात आणि ज्यात पेशींच्या भिंती सैल करण्यासाठी सेल्युलेज, पेक्टिनेज अशी विकरे (एन्झाइम) पाण्यात मिसळतात, त्याचा पाया तुमच्या पातेल्यातलाच आहे. विकरांचा प्रयोग करून पाहायचा असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करा.

प्रश्न (अलिबाग येथील एक गृहिणी) : दुकानातले रिफाइंड तेल हेक्झेनने काढलेले असते हे वाचून धक्का बसला. ते रोज आमच्या पोटात जाते का?

उत्तर : व्यवहारात नाही म्हणावे इतके थोडे. काढलेले तेल आधी तापवून हेक्झेन परत मिळवले जाते आणि पुढे वास घालवण्यासाठी तेच तेल निर्वात अवस्थेत दोनशे अंशांहून अधिक तापमानाला वाफेखाली ठेवले जाते. ६९ अंशांना उकळणारा पदार्थ त्यातून फारसा टिकत नाही. भारतातील नियमांनुसार अशा शुद्ध केलेल्या तेलात हेक्झेन किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. युरोपात हीच मर्यादा १ मिलिग्रॅम आहे.

हेक्झेनची काळजी करायची ती तेल खाणाऱ्यापेक्षा तेल काढणाऱ्यासाठी. त्याची वाफ महिनोन्महिने श्वासावाटे गेली, की शरीरात तिचे २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि ते हातापायांच्या चेतातंतूंना इजा करते. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती जाऊ लागली, तेव्हा खळीतल्या हेक्झेनचा हा गुण प्रथम ठळकपणे लक्षात आला. पर्याय शोधण्यामागचे हे सर्वांत सबळ कारण आहे, असे मी मानते.

प्रश्न (रत्नागिरी येथील एम.एस्सी.चा एक विद्यार्थी) : बाई, प्रकल्पासाठी मी करंज आणि कोकम या दोन बिया आणि इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिमोनीन, २-मेथिलऑक्सोलेन ही द्रावके निवडली आहेत. वनस्पतीपासून मिळणारे द्रावक ते हरित, असे धरून चालावे का? यांतले सर्वांत हरित कोणते?

उत्तर : तसे धरून चालू नये. उगम हा हरितपणाचा एक भाग आहे, पण त्याने निकाल लागत नाही. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची जी बारा तत्त्वे मांडली, त्यांत सुरक्षित द्रावके हे एक तत्त्व आहे, ऊर्जेची बचत हे दुसरे आणि पुन्हा निर्माण होणारा कच्चा माल हे तिसरे. तुझ्या यादीतले लिमोनीन यांतले एकच पुरते पाळते. ते संत्र्याच्या सालीतून मिळते, वासही छान, पण १७६ अंशांना उकळते. तेलातून ते काढून टाकायचे तर तेल इतके तापवावे लागते की आपण जपायला निघालेले गुण त्यातच जातात. निर्वात पंप लावला तर तापमान उतरते, पण मागे वास रेंगाळतो आणि हवेत ऑक्सिडीकरण झालेले लिमोनीन त्वचेला पुरळ आणू शकते. मुठेल हे भेगाळलेल्या टाचांना लावायचे असते, हे विसरू नकोस. लिमोनीन यादीतून काढावेस, असे माझे मत.

बाकीच्यांची तुलना करण्यासाठी आधी एक आकडा घे : एक किलो द्रावकाची वाफ करायला किती उष्णता लागते. हेक्झेनला साधारण ३३५ किलोज्यूल, २-मेथिलऑक्सोलेनला ३६० च्या आसपास आणि इथेनॉलला सुमारे ८४०. समज, एक किलो तेलामागे पाच किलो द्रावक उडवून परत मिळवायचे आहे. हेक्झेनला त्यासाठी सतराशे किलोज्यूलही पुरतात, इथेनॉलला बेचाळीसशे लागतात. उसाच्या मळीपासून आलेले इथेनॉल दगडी कोळशाच्या बॉयलरवर अडीचपट उष्णता खर्चून उडवले, तर हरितपणाचा हिशेब कुठे बसला, हे तुझ्या प्रबंधात आलेच पाहिजे.

पण इथेनॉलला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार आवडते. ते न उडवताही तेल वेगळे करता येते. तेल उकळत्या तीव्र इथेनॉलमध्ये चांगले विरघळते आणि थंड इथेनॉलमध्ये जेमतेम. मी शिकवत असताना हा प्रयोग मुलांना नेहमी दाखवत असे. सोक्सलेटच्या, म्हणजे गरावरून द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणाच्या, चंबूतले गरम, पिवळसर आणि काचेसारखे स्वच्छ द्रावण टेबलावर ठेवायचे आणि फक्त पाहत राहायचे. आधी काहीच होत नाही. मग तळाशी धुक्यासारखी गढूळता येते, ती वर चढते, आणि करंजाचे तेल असेल तर थोड्या वेळात खाली जड थर बसतो, वर इथेनॉल राहते. कोकमाचे तेल असेल तर थर बसत नाही, पांढऱ्या पाकळ्या पडू लागतात आणि हळूहळू तळाशी त्यांचा गाळ जमतो. कारण या तेलातला मोठा वाटा दोन टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक आम्ल असलेल्या एकाच ठरावीक रेणूचा आहे आणि तो लवकर स्फटिक धरतो. वरचे इथेनॉल ओतून घ्यायचे आणि पुन्हा नव्या गरावर वापरायचे. अशा रीतीने बहुतेक द्रावकाची वाफ करावीच लागत नाही, आणि मग ते ८४० किलोज्यूल तितके जाचत नाहीत.

इथेनॉलचे दोन तोटे मात्र आपल्या किनाऱ्यावर जास्तच जाणवतात. पहिला ओलाव्याचा. साध्या ऊर्ध्वपातनाने ते ९५.६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही आणि जसजसे पाणी वाढते तसतशी त्याची तेल विरघळवण्याची ताकद झपाट्याने घटते. जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेला गर हवेतूनच ओल ओढून घेतो. तो तसाच सोक्सलेटमध्ये भरलास तर प्रत्येक फेरीत द्रावक पातळ होत जाईल आणि तू दोष बियांना देशील. गर वाळवून, ओलाव्याचे प्रमाण मोजून, हवाबंद डब्यातून थेट यंत्रात घाल. दुसरा तोटा असा की इथेनॉल फक्त तेल आणत नाही. शर्करा, फॉस्फोलिपिडे, रंगद्रव्ये असे बरेच काही सोबत आणते. करंजात हाच तोटा उपयोगाचा ठरू शकतो, कारण त्यातले करंजिन हे कडू द्रव्य थंड केल्यावर मोठ्या प्रमाणात इथेनॉलमध्ये राहते आणि वेगळे मिळवता येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वागणे बरेचसे इथेनॉलसारखेच आहे. तेल त्यात अधिक सहज विरघळते, पण ते बहुतांशी खनिज तेलापासूनच बनते.

राहिले २-मेथिलऑक्सोलेन. उसाचे चिपाड किंवा मक्याची कणसे दाणे काढल्यावर उरतात, त्यांपासून फरफ्युरल मिळते आणि त्यापासून हे द्रावक तयार करतात. ते ८० अंशांना उकळते, तेल हेक्झेनइतक्याच सहजपणे विरघळवते, आणि हेक्झेनमुळे चेतातंतूंना जे अपाय होतात तसे त्याच्यामुळे होत नाहीत. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ मध्ये खाद्यपदार्थांसाठीच्या निष्कर्षण द्रावकांच्या यादीत त्याचा समावेश केला आणि तेलातल्या अंशाची मर्यादा हेक्झेनइतकीच, किलोमागे १ मिलिग्रॅम, ठेवली. हेक्झेनच्या जुन्या कारखान्यात थोड्या बदलांनी चालू शकेल असा आज सर्वांत जवळचा पर्याय हाच आहे, असे मला वाटते. पण त्याच्या खोड्या माहीत असू देत. शंभर ग्रॅम पाण्यात ते चौदा ग्रॅमच्या आसपास विरघळते, त्यामुळे सांडपाण्यातून ते परत मिळवण्याची सोय नसेल तर तेवढे निसटते. हवेच्या संपर्कात राहिले तर त्यात परॉक्साइड ही स्फोटक द्रव्ये धरतात. जुनी बाटली परॉक्साइडची पट्टी लावून तपासल्याशिवाय कधीही कोरडी होईपर्यंत उडवू नकोस. आणि त्याचा प्रज्वलनांक, म्हणजे वाफ पेट घेऊ शकेल असे किमान तापमान, शून्याखालीच आहे, म्हणून उघडी ज्योत नाही, विजेवर तापणारे हीटिंग मँटलच वापरायचे, हा नियम इथेही लागू.

एक सूचना प्रयोगाच्या मांडणीविषयी. गर भरडा राहिला तर कोणतेही द्रावक आतपर्यंत पोहोचत नाही आणि मग तू द्रावकांची नाही, तुकड्यांच्या आकाराची तुलना करत बसशील. सर्व नमुने एकाच चाळणीतून काढ. आणि नुसते उत्पन्नाचे टक्के लिहून थांबू नकोस. किती द्रावक परत मिळाले, किती हरवले आणि पेंडीत किती अडकून राहिले, हे तीन आकडे प्रत्येक प्रयोगाला लिही. उत्पन्नात दोन टक्क्यांनी मागे पडलेले द्रावक या तीन आकड्यांत पुढे असू शकते, आणि तसे आढळले तर ते निःसंकोच मांड.

प्रश्न (गुहागर येथील एक बागायतदार) : आमच्या किनाऱ्याला उंडीची जुनी झाडे आहेत. पूर्वी तिचे कडू तेल दिव्याला आणि होड्यांना लावत. त्यासाठी द्रावकाचा प्रकल्प परवडेल का?

उत्तर : द्रावकाची गरजच नाही. उंडीच्या वाळलेल्या गरात निम्म्याहून बरेच अधिक तेल असते आणि इतके तेलकट बी घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्येच काढायचे असते. द्रावकाचा उपयोग खरा होतो तो सोयाबीनसारख्या, वीस टक्क्यांच्या आसपास तेल असलेल्या बियांना, किंवा दाबून काढल्यानंतर पेंडीत राहिलेल्या सहा-आठ टक्क्यांना. उंडीचे मर्म वाळवण्यात आहे. ताजा गर पांढरा असतो आणि दाबला तरी तेल नीट सोडत नाही. तो काही आठवडे सावकाश वाळून तपकिरी आणि बोटाला चिकट लागू लागला, की घाण्यावर न्यावा. हे तेल खाण्याचे नाही, एवढे मात्र बाटलीवर ठळक लिहा.

प्रश्न (चिपळूण येथील एक उद्योजक) : सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने तेल काढणे सर्वांत स्वच्छ असे ऐकतो. कोकमासाठी ते यंत्र घ्यावे का?

उत्तर : स्वच्छ आहे यात शंका नाही. ३१ अंश आणि ७४ बार यांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड वायूसारखा पसरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब काढला की निघून जातो आणि मागे काही ठेवत नाही. परंतु तेल नीट विरघळवायला तीनशे बार किंवा त्याहून अधिक दाब द्यावा लागतो आणि तरीही किलोभर वायू थोडेच तेल घेऊन येतो. कॉफीतले कॅफीन काढायला किंवा मसाल्यांचे अर्क काढायला ते परवडते, कारण तिथे थोड्या मालाची किंमत मोठी असते. केवळ कोकमासाठी घेऊ नका. जायफळ, मिरी, दालचिनी असा माल वर्षभर मिळणार असेल आणि कोकम त्यांच्या जोडीला असेल, तरच हिशेब मांडून पाहा.

प्रश्न (देवगड येथील आंबा कॅनिंग कारखान्याचे चालक) : मे महिन्यात आमच्या आवारात बाठ्यांचे ढीग लागतात आणि पाऊस पडला की कुजतात. कोयीत तेल असते असे कळते. हेक्झेन न वापरता ते काढता येईल का? इथेनॉलचा विचार आहे.

उत्तर : या वेळच्या सर्व पत्रांत मला सर्वांत आशा वाटली ती आपल्या प्रश्नात, कारण इथे द्रावकाला खरोखर काम आहे. बाठा फोडून काढलेल्या कोयीच्या गरात, वाळल्यानंतर, साधारण ६ ते १२ टक्के स्निग्धांश असतो. इतक्या कमी तेलाला एक्स्पेलर पुरत नाही. जे काही सुटते ते पेंडच पिऊन टाकते. म्हणून कोयीला द्रावकावाचून गत्यंतर नाही. मालही कमी दर्जाचा नव्हे : युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय पाच टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिलेल्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. आपल्या किनाऱ्यावर या सहांपैकी दोन पदार्थांचा कच्चा माल उकिरड्यावर जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोयीला इथेनॉल शोभते याचे आणखी एक कारण आहे. या गरात तुरट पॉलिफिनॉले भरपूर असतात. हेक्झेन त्यांना हात लावत नाही. इथेनॉल तेलाबरोबर त्यांनाही आणते, पण वर सांगितल्याप्रमाणे द्रावण थंड केले की तेल घट्ट होऊन खाली बसते आणि पॉलिफिनॉले वरच्या इथेनॉलमध्ये राहतात. एकाच फेरीत दोन माल वेगळे निघतात आणि दुसऱ्याला सौंदर्यप्रसाधनांच्या व खाद्यउद्योगाच्या बाजारात मागणी आहे.

तरीही आपला प्रकल्प द्रावकावर अडणार नाही, वाळवणीवर अडेल. ताज्या गरात जवळजवळ निम्मे पाणी असते. बाठ्यांचा ढीग दोन दिवस जरी तापत राहिला तरी आतली विकरे तेल तोडू लागतात, मुक्त आम्ले वाढतात, बुरशी धरते, आणि मग कितीही चांगले द्रावक वापरले तरी येणारे तेल चॉकलेटच्या कामाचे राहत नाही, साबणाच्याच कामाचे उरते. कॅनिंगचा भर मे अखेरीस आणि पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आपल्या हाती उन्हाचे मोजके दिवस. त्यांवर भिस्त ठेवू नका. गर निघाला त्याच दिवशी गरम हवेच्या वाळवणी यंत्रात जायला हवा, आणि त्याला जळण म्हणून नारळाची सोडणे आणि करवंट्या आपल्याकडे मुबलक आहेत. काजूची टरफले मात्र त्यासाठी वापरू नका. त्यांच्या धुरातले तेल झोंबणारे असते आणि ते गराला लागेल.

परवान्यांचे काम आधीच सुरू करा. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि त्याला वेळ जातो. तो टाळण्यासाठी बाजारातले डिनेचर्ड स्पिरिट वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्यात मिथेनॉल किंवा इतर विषारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात आणि ती खाद्य मालात जाता कामा नयेत. इथेनॉलची वाफही पेटते, म्हणून निष्कर्षणाची खोली चूल, वेल्डिंग आणि साध्या विजेच्या जोडण्यांपासून वेगळीच बांधायची आहे.

पहिल्या हंगामात यंत्र घेऊ नका. शंभर किलो बाठे फोडून, त्याच दिवशी वाळवून, गर हवाबंद पिशव्यांत भरा आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा दापोलीच्या विद्यापीठात त्याचे तीन नमुने तपासायला द्या : पहिल्या दिवशी वाळवलेला, तिसऱ्या दिवशी वाळवलेला आणि ढिगात आठवडाभर राहिलेला. तेलाचे प्रमाण आणि मुक्त आम्ले, एवढ्या दोनच गोष्टी मोजून घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या नमुन्यातला फरक कागदावर आला, की वाळवणी यंत्र केवढे घ्यायचे हे आपोआप ठरेल, आणि इथेनॉलची टाकी त्यावरून मोजता येईल. तो अहवाल हाती आल्यावर मला जरूर लिहा. पुढचा हिशेब आपण याच सदरात मांडू.